एका डिस्कचे दोन धनी

विंडोज सुरू केल्यावर कधीतरी एक छोटी चौकट समोर येते. ई ड्राइव्ह वापरण्याआधी तो फॉरमॅट करावा लागेल, करायचा का, असे ती विचारते आणि खाली दोन बटणे देते. ज्या संगणकावर विंडोजच्या शेजारी लिनक्सही नांदत असते, तिथे हा ‘कोरा’ ई ड्राइव्ह पुष्कळदा मुळीच कोरा नसतो. त्यात अख्खे लिनक्स असते, वापरणाऱ्याची कागदपत्रे असतात, मुलांचे फोटो असतात. लिनक्सची ईएक्सटी४ ही मांडणी विंडोजला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते फॉरमॅट व्हायचे राहिले असणार, असे ते धरून चालते. समोरचा माणूस घाईत असेल तर एका क्लिकचा प्रश्न उरतो.

या चौकटीमागे एक जुना घोळ आहे. आजच्या डिस्कवर प्रत्येक पार्टिशनला त्याचा प्रकार सांगणारी एक लांबलचक खूण असते. लिनक्सची पार्टिशने पाडणारे ‘पार्टेड’ हे साधन कित्येक वर्षे विंडोजच्या डेटा पार्टिशनचीच खूण लिनक्सच्याही पार्टिशनला देत होते. पुढे लिनक्सने स्वतःची वेगळी खूण घेतली आणि नव्या यंत्रांवर ही चौकट विरळ झाली. जुन्या डिस्कवर मात्र ती अजून भेटते. अशा पार्टिशनचे अक्षर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन काढून टाकले की पार्टिशन जागच्या जागी राहते आणि प्रश्न विचारला जाणे थांबते.

एकाच यंत्रावर दोन सिस्टिम ठेवण्याची वेळ आपल्याकडे हौसेपेक्षा कामामुळे जास्त येते. अक्षरजुळणी करणाऱ्यांना श्रीलिपी आणि पेजमेकर सोडवत नाही, हिशेबनिसांना टॅली लागते. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स हवे असते. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा विंडोज ११ न पेलणाऱ्या लॅपटॉपांवरही लिनक्स आले आणि जुन्या कामांपुरते विंडोज शेजारी राहिले. मग बेत ठरतो, की सुरू करताना हवी ती सिस्टिम निवडायची, फाइली मात्र एकाच जागी ठेवायच्या. बेत वाईट नाही. अशी यंत्रे सांभाळताना आणि कधी निस्तरताना तो कुठे कुठे फसलेला दिसला, ते पुढे मांडले आहे.

फॅटवर भागत होते तेव्हा

पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले. त्या काळी लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेल्या संगणकाची डिस्क आधीच सी, डी, ई, एफ अशी वाटलेली असे. सी मध्ये विंडोज आणि बाकीच्यांत गाणी, चित्रपट आणि ‘न्यू फोल्डर’ नावाची अनेक फोल्डरे. शेवटचा ड्राइव्ह रिकामा करून तिथे लिनक्स बसवले जाई. बाकीचे ड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये असत आणि ते दोन्हीकडून वाचता-लिहिता येत, त्यामुळे वाटणीचा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे.

फॅट३२ आले १९९६ मध्ये, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर. ते सोपे आहे म्हणून सगळ्यांना कळते, आणि सोपे असल्यामुळेच तोकडे पडते. फाइल कुणाची आहे, कुणी ती उघडू शकतो, याची नोंद त्यात नसते. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेले काम कुठपर्यंत आले होते हे सांगणारी टिपणेही नसतात. आणि एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. लग्नाच्या शूटिंगमधली तासाभराची डीव्ही टेप संगणकावर उतरवली की सुमारे १३ जीबी होई. वीसेक मिनिटे उतरली की फाइल मर्यादेला टेकत असे. काठोकाठ भरलेल्या डीव्हीडीची प्रतही तिथे मावत नसे.

विंडोजकडे याला उत्तर होते. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसमध्ये मालकी होती, परवानग्या होत्या, वीज गेल्यावर सावरण्याची सोय होती. पण आतली रचना मायक्रोसॉफ्टने खुली केली नव्हती. लिनक्सवाल्यांनी ती डिस्कवरच्या खाणाखुणा वाचून उलगडली. वाचणे लवकर जमले, लिहिणे वर्षानुवर्षे धोक्याचेच राहिले. यातून वाट काढण्यासाठी ‘कॅप्टिव्ह’ नावाच्या प्रकल्पाने विंडोजचाच एनटीएफएस ड्रायव्हर उचलून लिनक्सच्या आत चालवण्याची कसरतही केली. भरवशाचे लिहिणे आले ते फेब्रुवारी २००७ मध्ये, एनटीएफएस-३जीच्या पहिल्या स्थिर आवृत्तीने. ऑक्टोबर २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाला. एकमेकांची पार्टिशने वाचण्याचे तंत्र असे जवळपास पूर्ण झाले. तरीही फाइली हरवत राहिल्या, आणि त्याचे कारण आता तंत्राच्या अपुरेपणात उरलेले नव्हते.

बंद केले म्हणजे बंद झाले का?

पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनगृहाच्या मुख्य संगणकावर जुळणीसाठी विंडोज, बाकी कामांसाठी लिनक्स आणि पुस्तकांच्या सगळ्या फाइलींसाठी सामाईक डी ड्राइव्ह अशी व्यवस्था होती. ती बरीच वर्षे बिनतक्रार चालली. मग यंत्रावर विंडोज ८ आले. जुळणी करणाऱ्या काकू संध्याकाळी विंडोज बंद करून घरी जात. त्यानंतर मुद्रितशोधक लिनक्स सुरू करून दुरुस्त केलेली प्रकरणे डी ड्राइव्हवर ठेवी. सकाळी काकूंनी पाहावे तर तिथे जुनीच प्रकरणे. त्याने काम केलेच नाही असे त्यांना वाटे, आणि त्यांनीच फाइली पुसल्या असे त्याला. एके दिवशी सुरू होताना विंडोजने स्वतःहून डिस्क तपासायला घेतली आणि फाउंड.००० नावाच्या फोल्डरात, नावगाव नसलेल्या फाइलींचा ढीग काढून ठेवला. मला बोलावणे आले तेव्हा दोघे मिळून त्या ढिगातून एका कादंबरीची प्रकरणे ओळखून वेगळी काढत होते. भांडण तोवर मिटले होते, कारण दोघांनीही आपापले काम चोख केले होते हे एव्हाना दोघांना पटले होते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची त्या क्षणाची स्मृती डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ती तशीच परत उचलली जाते. त्यामुळे संगणक झटकन सुरू होतो. पण त्या स्मृतीत जोडलेल्या पार्टिशनांचे चित्रही असते, म्हणजे कुठली जागा रिकामी, कुठे कुठली फाइल, कुठल्या नोंदी अजून चढवायच्या आहेत. मधल्या वेळात दुसऱ्या सिस्टिमने काही लिहिले असेल, हे त्या स्मृतीला ठाऊक नसते.

पेढीवरचा मुनीम व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो. काही नोंदी चढवायच्या राहिलेल्या असताना तो जेवायला उठला आणि तेवढ्यात दुसऱ्या मुनिमाने तीच खतावणी काढून नवी खाती मांडली, तर परत आल्यावर पहिला आपल्या आठवणीबरहुकूमच पुढे लिहिणार. दोघेही प्रामाणिक असतात, वही मात्र बिघडते.

पुढे लिनक्सचे ड्रायव्हर सावध झाले. विंडोज असे अर्धवट बंद झालेले दिसले, की पार्टिशन फक्त वाचण्यापुरते जोडायचे किंवा जोडायचेच नाही, असे ते ठरवतात. वापरणाऱ्याला हा अडथळा वाटतो. मग तो इंटरनेटवर शोध घेतो, जबरदस्तीने जोडण्याचा एखादा पर्याय सापडतो, विंडोजची ती स्मृतीची फाइल पुसून टाकणारा पर्यायही सापडतो, आणि पार्टिशन लगेच लिहिते होते. राखणदाराला बाजूला केल्याचे परिणाम दिसायला मात्र वेळ लागतो. लिनक्समधले ‘एनटीएफएसफिक्स’ हे साधनही नावावरून वाटते तसे दुरुस्ती करत नाही. ते काही ढोबळ विसंगती मिटवते आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवते. एनटीएफएसची खरी तपासणी विंडोजच्या ‘चेकडिस्क’नेच करावी.

फास्ट स्टार्टअप घालवणे अवघड नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, बंद करण्याचे बटण दाबल्यावर काय व्हावे हे ठरवण्याच्या पानावर, त्याची खूण असते. ती काढावी आणि विंडोजच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर पुन्हा एकदा पाहून यावी. हायबरनेशनच बंद केले तर फास्ट स्टार्टअपही आपोआप जाते. दुसऱ्याच्या यंत्रावर असे बदल करता येत नसतील तर ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडावे आणि तिथून लिनक्समध्ये जावे. ऐकायला उलटे वाटते, पण विंडोज पूर्ण बंद होते ते ‘रीस्टार्ट’मध्ये. शिफ्टची कळ धरून ‘शट डाउन’ केले तरी चालते.

हाच नियम उलट्या दिशेनेही लागतो. बॅटरी संपत आली म्हणून लिनक्स आपली स्मृती डिस्कवर उतरवून झोपले असेल, आणि चार्जर लावल्यावर कुणी थेट विंडोज सुरू करून सामाईक ड्राइव्हवर काम केले, तर गोंधळ तोच होतो. फक्त यावेळी आठवणीवर लिहिणारे लिनक्स असते. दोन लिनक्स शेजारी ठेवून दोघांत एकच स्वॅप पार्टिशन वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण झोपलेल्या लिनक्सची स्मृती त्या स्वॅपमध्येच असते.

नावे, वेळा आणि केराची टोपली

नुकसान न करता नुसता त्रास देणारी कारणेही बरीच आहेत. लिनक्समध्ये मोठ्या आणि लहान लिपीतली इंग्रजी अक्षरे वेगळी धरली जातात, त्यामुळे एकाच फोल्डरात फक्त तेवढाच फरक असलेल्या दोन फाइली सुखाने राहतात. विंडोजला त्या एकच वाटतात, आणि एक उघडायला जावे तर दुसरी उघडते. नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन किंवा अवतरणचिन्ह असलेली फाइल लिनक्समधून बनवता येते. विंडोजमध्ये ती दिसते, पण उघडत नाही आणि पुसलीही जात नाही. पार्टिशन जोडतानाच विंडोजचे नियम पाळायला लावणारा एक पर्याय लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये आहे. सामाईक पार्टिशनसाठी तो लावून टाकावा.

देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे मराठी नावे पहिल्या सापळ्यातून सुटतात. त्यांच्यासाठी वेगळे सापळे आहेत. एनटीएफएसमध्ये फाइलीचे नाव २५५ चिन्हांचे असू शकते. ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट घेते. म्हणजे उरतात ८५ चिन्हे. त्यांतही काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत स्वतंत्र मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ एवढ्या एका शब्दात अशी १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट खर्ची पडतात. लेखाचे संपूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव, अंक आणि वर्ष असे सगळे फाइलीच्या नावात घालण्याची सवय असेल, तर विंडोजमध्ये ठेवलेली फाइल लिनक्सच्या पार्टिशनवर उतरवताना ‘नाव फार लांब’ असा नकार मिळतो. शेकडो फाइली एकदम उतरवताना हा नकार नजरेतून निसटतो आणि काही फाइली मागेच राहतात. म्हणून प्रत घेतल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहावी.

दुसरा सापळा ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’ यांसारख्या शब्दांतला. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो, आणि विंडोजवरचा व लिनक्सवरचा मराठी कळफलक एकच प्रकार वापरतील अशी खात्री नसते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डिस्कच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावे असतात. ‘पावसाळी वाऱ्या’ नावाची दोन फोल्डरे शेजारी शेजारी दिसली तर डोळ्यांना दोष देण्याआधी कळफलक तपासावा. शोधून न सापडणाऱ्या फाइलीचे कारणही कित्येकदा हेच असते.

घड्याळाचा वाद तर जुनाच आहे. संगणकातल्या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज मानते, आणि लिनक्स बहुधा तिथे जागतिक वेळ ठेवते. भारतात यामुळे लिनक्सनंतर विंडोज सुरू केले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. सामाईक पार्टिशनवर याचा अर्थ असा, की दुपारी ४ वाजता बदललेल्या फाइलीवर सकाळचे साडेदहा लिहिले जातात. नवी फाइल कुठली हे वेळ पाहून ठरवणारे बॅकअपचे प्रोग्रॅम मग नव्यावर जुनी फाइल चढवू शकतात. आपल्याकडे लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले तरी भागते, कारण भारतात घड्याळे मागेपुढे होत नाहीत. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्याने मात्र विंडोजलाच जागतिक वेळ पाळायला लावावे. नाहीतर उन्हाळी वेळ सुरू होताना आणि संपताना दोन्ही सिस्टिम आपापला एक तास सरकवतात.

आणि केराची टोपली. विंडोजमधून पुसलेल्या फाइली त्याच पार्टिशनवरच्या एका लपलेल्या फोल्डरात जातात, लिनक्समधून पुसलेल्या दुसऱ्याच लपलेल्या फोल्डरात. एकीकडची टोपली रिकामी केली तरी दुसरी भरलेलीच राहते. ‘एवढे पुसले तरी डिस्क भरलेली कशी’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पलीकडच्या सिस्टिममध्ये जाऊन तिची टोपली रिकामी केल्यावर मिळते.

सामाईक ठेवू नयेत अशा गोष्टी

लेखांच्या फाइली, फोटो, गाणी, व्हिडिओ, पीडीएफ या गोष्टींना आपण कुठल्या सिस्टिमवर आहोत याने फरक पडत नाही. त्या खुशाल सामाईक पार्टिशनवर राहाव्यात. ज्यांच्या पोटात सिस्टिमची ओळख असते त्यांना मात्र आपापल्या घरी ठेवावे.

मेल आणि ब्राउझर यांची खाजगी फोल्डरे सामाईक करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. थंडरबर्डची सगळी पत्रे दोन्हीकडे एकाच जागेवरून उघडता आली तर कुणाला नको आहे? पूर्वी पुष्कळ जण असे करत. पण एकीकडे नवी आवृत्ती आणि दुसरीकडे जुनी असेल तर नवीने बदललेली मांडणी जुनीला कळत नाही. फायरफॉक्सने तर २०१९ पासून, नव्या आवृत्तीने वापरलेले फोल्डर जुन्या आवृत्तीला उघडू न देण्याची खबरदारीच घेतली आहे. पत्रे आयमॅपने सर्व्हरवर ठेवली की हा खटाटोप उरत नाही.

प्रोग्रॅमरची अडचण वेगळी आहे. एनटीएफएसवर ठेवलेला गिटचा प्रकल्प लिनक्समधून पाहिला तर एकही ओळ न बदलता सगळ्या फाइली बदललेल्या दिसू शकतात, कारण फाइल चालवण्याची परवानगी आणि ओळ संपल्याची खूण या दोन्ही बाबतींत दोन्ही सिस्टिमचे रिवाज निराळे आहेत. दोन्हीकडे प्रकल्पाची स्वतंत्र प्रत ठेवून बदल गिटमार्फतच नेणे-आणणे बरे.

स्टीमवरचे खेळ शंभर शंभर जीबीचे असतात, म्हणून ते एकदाच उतरवून दोन्हीकडे खेळावेत असे वाटणे साहजिक आहे. पण लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारे प्रोटॉन स्वतःसाठी जे फोल्डर तयार करते, त्यात अपूर्णविराम असलेली नावे असतात. तीच नावे, जी विंडोजला चालत नाहीत. खेळ एनटीएफएसवर ठेवायचेच असतील तर निदान प्रोटॉनचे हे फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवावे.

दोन लिनक्स असतील तर ‘होम’ पार्टिशन एकत्र करावेसे वाटते. तिथे वापरणाऱ्याला नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखले जाते. फेडोरात पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक ५०० असे, उबंटूत १०००. त्यामुळे एकीकडच्या फाइलींना दुसरीकडे कुणी मालकच सापडत नसे. फेडोराने २०११ मध्ये १००० पासून मोजायला सुरुवात केल्यावर हा प्रश्न मिटला. एकाच फोल्डरात दोन आवृत्त्यांच्या सेटिंग्जची सरमिसळ होण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे.

न विचारता झालेली वाटणी

दोन सिस्टिम खरोखर वाटून घेतात असे एक पार्टिशन प्रत्येक नव्या संगणकावर असते आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. संगणक सुरू होताना पहिले प्रोग्रॅम जिथून वाचले जातात ते ईएफआय सिस्टिम पार्टिशन. ते फॅट३२ मध्ये असते, विंडोज त्याला बहुधा १०० एमबी एवढीच जागा देते, आणि प्रत्येक सिस्टिम तिथे आपापल्या नावाचे फोल्डर ठेवते. लिनक्स बसवताना हे पार्टिशन वापरायचे असते, फॉरमॅट करायचे नसते. फॉरमॅटची खूण चुकून राहिली तर सी ड्राइव्ह जसाच्या तसा असूनही विंडोज सुरू होत नाही. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सुरुवातीच्या फाइली पुन्हा बनवता येतात, म्हणून तो पेन ड्राइव्ह लिनक्स बसवण्याआधीच तयार असावा.

दुसरी वाटणी कुलपाची. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते, आणि त्यात सी बरोबर बाकीचे अंतर्गत ड्राइव्हही येतात. सामाईक म्हणून काढून ठेवलेले पार्टिशन लिनक्समध्ये अचानक उघडेनासे झाले तर ही शक्यता आधी तपासावी. विंडोजचे हे बिटलॉकर कुलूप उघडण्याची सोय २०२० पासून लिनक्सच्या नेहमीच्या साधनांत आहे, पण किल्ली लागतेच. सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला की विंडोजही ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती कागदावर उतरवून ठेवल्याशिवाय पार्टिशनांना हात लावू नये.

वनड्राइव्हचा फसवेपणा निराळाच. विंडोजचे डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरे आता पुष्कळदा वनड्राइव्हमध्ये असतात, आणि बऱ्याच फाइलींचे तिथे नुसते नाव असते. मजकूर इंटरनेटवरून मागवला जातो. विंडोज बिघडले म्हणून लिनक्समधून ते फोल्डर उघडले तर फाइली दिसतात, पण उघडत नाहीत. पार्टिशन खराब झालेले नसते. फाइल तिथे कधी नव्हतीच.

मग वाटणी करावी तरी कशी?

डिस्कचे तीन भाग करावेत. विंडोजचा एनटीएफएस, लिनक्सचा ईएक्सटी४ आणि दोघांपैकी कुणाचेच घर नसलेला डेटाचा तिसरा भाग. लिनक्सने विंडोजच्या सी ड्राइव्हवर लिहू नये. विंडोजला लिनक्सचा भाग दिसूच नये हे उत्तम. ईएक्सटी वाचणारे ड्रायव्हर विंडोजसाठी आहेत, पण त्यांतले जुने ड्रायव्हर वीज गेल्यावर सावरणाऱ्या लिनक्सच्या नोंदवहीकडे लक्ष देत नाहीत किंवा ईएक्सटी४ ची नवी वैशिष्ट्ये ओळखत नाहीत. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमधून ईएक्सटी४ जोडता येते, मात्र त्यासाठी अख्खी डिस्क द्यावी लागते. विंडोज ज्या डिस्कवर चालू आहे ती देता येत नाही.

डेटाच्या भागासाठी एनटीएफएस घ्यावे. एक्सफॅटची रचना मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये खुली केली आणि आज ते दोन्हीकडे सहज चालते, शिवाय त्यात ४ जीबीची अडचण नाही. पण वीज गेल्यावर सावरणारी नोंदवही त्यातही नाही. पेन ड्राइव्हला ते ठीक, रोजच्या कामाच्या पार्टिशनला नको. सी ड्राइव्ह लहान करायचा असेल तर तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावा आणि मोकळी झालेली जागा मग लिनक्सला द्यावी. लिनक्समध्ये हे पार्टिशन सुरुवातीलाच जोडले जावे अशी नोंद करताना, ते सापडले नाही तरी सिस्टिम सुरू व्हावी हा पर्याय जरूर लावावा. नाहीतर एकदा पार्टिशन अडले की लिनक्स दीड मिनिट वाट पाहत बसते आणि मग दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर जाऊन थांबते.

कामाच्या फाइली ठेवण्याआधी एक तालीम करावी. लिनक्समधून एक मोठा व्हिडिओ आणि लांब मराठी नावाची एक फाइल सामाईक भागावर ठेवावी, विंडोजमध्ये जाऊन दोन्ही उघडाव्यात, तिथून एक नवी फाइल लिहून नेहमीप्रमाणे बंद करावे आणि लिनक्समध्ये परत येऊन पार्टिशन लिहिते आहे का ते पाहावे. शेवटी विंडोजमधून चेकडिस्क चालवावे. आणि बॅकअप या डिस्कवर नको. दोन्ही सिस्टिमचा हात जिथे पोचतो तिथे दोघींच्याही चुका पोचतात, म्हणून तो काढून ठेवता येईल अशा वेगळ्या डिस्कवर असावा.

ज्यांच्याकडे एकाच वेळी दोघांना काम करावे लागते त्यांच्यासाठी मात्र पार्टिशन वाटणे हा मुळातच चुकीचा मार्ग आहे. नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या सर्व्हरवर डिस्कला हात लावणारी सिस्टिम एकच असते. बाकीचे तिच्याकडे फाइल मागतात आणि परत देतात. लिनक्सवरून विंडोजला अशा फाइली पुरवणारे सांबा हे सॉफ्टवेअर अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहायला घेतले आणि ते आजही तेच काम करते आहे.

त्या प्रकाशनगृहाने शेवटी हाच रस्ता धरला. अडगळीतल्या जुन्या संगणकात नवी डिस्क घालून त्यावर लिनक्स आणि सांबा बसवले. काकू आपल्या टेबलावरून विंडोजमध्ये आणि मुद्रितशोधक आपल्या लॅपटॉपवरून लिनक्समध्ये, एकाच पुस्तकाच्या फोल्डरात दिवसभर काम करतात. बॅकअपची डिस्क शनिवारी जोडली जाते आणि काम झाले की कपाटात जाते. ८५ चिन्हांची मर्यादा तिथेही आहे, कारण खाली ईएक्सटी४ आहे, म्हणून फाइलींच्या नावात आता पुस्तकाचा क्रमांक, लेखकाचे आडनाव आणि प्रकरणाचा आकडा एवढेच लिहितात.